उतारवयाची दिंडी

माउली, सत्तरीची चार माणसे एकत्र राहायला निघाली की गावात कुजबुज होते, ‘मुलांनी टाकले वाटते!’ पुंडलिकाचे आख्यान मी जन्मभर लावले. आईबापांच्या सेवेसाठी त्याने देवाला विटेवर उभे ठेवले. मग आम्ही म्हाताऱ्यांनी घर सोडले, हे चुकले का?

विचार करा. ती कथा मुलाला कर्तव्य सांगते. बापाला हक्क गाजवायला सांगत नाही. २००७ च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी घातली. पण कायदा पैसा देववील, संध्याकाळची सोबत कशी देववील?

आपली दिंडी आठवा. भिशी सर्वांनी आधीच भरलेली, पंगत एक, तंबू एक. कोणाचे पाय सुजले तर तेल चोळायला शेजारचा बसतो. तिथे कोणी पाहुणा नाही, कोणी आश्रित नाही. आमचा सहकारी निवासही तसाच. खर्च वाटून, स्वयंपाकघर आणि ओसरी सामाईक, निर्णय बैठकीत, रोजच्या शुश्रूषेला पगारी माणसे.

अवघड एकच. आंघोळीला पहिल्यांदा दुसऱ्याचा हात धरावा लागला, तेव्हा मी संकोचाने मेलो. वारीत भेटेल त्याच्या पाया पडलो, ते सोपे होते. आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणे कठीण. अहंकार कुठे दडून बसला होता, ते तिथे कळले. सेवा करणे ही भक्ती, तशी ती नम्रपणे घेणे हीही भक्तीच.

एकादशीला मुलगा भेटायला येतो. त्याच्याकडे आता काही मागायचे नसते, म्हणून पोटभर बोलणे होते.

रामकृष्ण हरी.