न मारण्यापलीकडची अहिंसा

अहिंसेचा विचार बहुधा वधाच्या प्रश्नापासून सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. ज्याने बंदूक उचलली नाही किंवा फासा लावला नाही, तो निर्दोष ठरतो. नदीकाठी भक्ष्य शोधणाऱ्या पाणपक्ष्यांची छायाचित्रे घेणारा किंवा त्यांचे चित्रण करणारा माणूस या समजुतीच्या आधारे निःशंक असतो, कारण तो पक्ष्याचे काही नेत नाही, फक्त त्याचे रूप नेतो. रूप नेताना आणखी काही नेले जाते का, हा प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो, आणि जालना परिसरात तो विचारण्यास विशेष कारण आहे. पोलाद आणि बियाणे यांच्या उद्योगांसाठी ओळखली जाणारी जालन्याची औद्योगिक वसाहत, शहरातून वाहणारी कुंडलिका आणि शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव एकाच टापूत आहेत, जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखली आहे, आणि त्याच गोदावरीवर पैठणजवळ 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर एका दिवसात जाऊन येण्याजोगा आहे. या जलाशयाला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

ज्यांच्या नावाने हा जलाशय ओळखला जातो, त्या संत एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर लिहिलेली टीका, म्हणजेच एकनाथी भागवत, 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली. या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो, आणि त्यांत कुरर हा मासे धरणारा शिकारी पक्षी आहे. त्याच्या चोचीतील मांसासाठी त्याच्याहून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो तुकडा टाकून देतो तेव्हाच त्याचा जीव सुटतो. संग्रहाचा, म्हणजे परिग्रहाचा, त्याग हाच सुखाचा मार्ग असा या कथेचा रूढ अर्थ आहे. मात्र हा उपदेश साधकाला केलेला आहे, पक्ष्याला नव्हे. उथळ पाण्यात मासे शोधणारा चित्रबलाक काही साठवून ठेवत नाही, त्यामुळे त्याच्या आहाराला परिग्रह म्हणता येत नाही, आणि त्याला अन्न सोडून उडण्यास भाग पाडणारा माणूस त्याला कोणतीही शांती देत नाही. एखाद्या दुर्मीळ पक्ष्याची वार्ता पसरताच काठावर जमणारी आणि एकमेकांच्या पुढे सरकणारी माणसे ध्यानात घेतली, तर ज्या तुकड्यासाठी झोंबाझोंबी चालते तो पक्ष्याच्या चोचीत नसून कॅमेऱ्यात असतो, आणि टाकून द्यायचे असेल तर ते माणसाने टाकायचे असते.

हिंसेची कक्षा कोठवर जाते, याचे सूक्ष्म विवेचन जैन तत्त्वज्ञानात आढळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार प्रमादातून, म्हणजे असावधपणातून आणि रागद्वेषाच्या आवेगातून, प्राणांचा घात होणे म्हणजे हिंसा. येथे प्राण म्हणजे केवळ श्वास नव्हे. पाच इंद्रिये, मन, वाणी व काया यांची तीन बळे, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य असे दहा प्राण मानलेले असून पक्ष्यासारख्या पंचेंद्रिय जीवाला हे दहाही असतात. तेव्हा पक्षी जिवंत राहिला एवढ्याने प्रश्न सुटत नाही. त्याचे कायबळ निष्कारण खर्ची पडले तर तोही प्राणांवरचा आघात आहे. निसर्गशास्त्र येथे या जुन्या विवेचनाला दुजोरा देते, कारण उड्डाण हे पक्ष्याच्या सर्वांत खर्चिक हालचालींपैकी एक असून हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंब हंसाला परतीच्या प्रवासापूर्वी अंगात चरबी साठवावीच लागते. पंख उघडल्याचे दृश्य मिळावे म्हणून खडा टाकून थवा उठवणारा माणूस त्या साठ्यावरच घाला घालतो. याउलट दूर थांबून, हालचाल आवरून पाहणाऱ्याच्या हातून पक्षी चुकून उडाला तर तेथे प्रमाद नाही. जैन मुनींच्या ईर्यासमितीतही, म्हणजे जीव दुखावू नये म्हणून पाऊल जपून टाकण्याच्या नियमातही, हाच भेद गृहीत आहे.

चित्रणासाठी खाद्य टाकण्याचा प्रकार याहून फसवा आहे, कारण त्याला दानाचे रूप मिळते. कुरव पक्ष्यांपुढे शेव-फरसाण उधळले की ते नावेभोवती घिरट्या घालतात आणि हवे ते दृश्य मिळते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान परतफेडीच्या अपेक्षेविना दिलेले असावे असे सांगितले आहे. येथे तर परतफेड आधीच ठरलेली असते, त्यामुळे हा व्यवहार ठरतो आणि तोही ज्याला त्याच्या अटी कळत नाहीत अशा जीवाशी.

छायाचित्रणाचे श्रेय नाकारणे मात्र अन्यायाचे होईल. मंगोलियात गळपट्टी बांधलेले पट्टकादंब भारतातील पाणवठ्यांवर ओळखता आले, यात छायाचित्रांचाही वाटा आहे, आणि ज्याने चमचा पक्ष्याला चोच दोन्ही बाजूंना हलवत पाणी चाळताना एकदा निरखून पाहिले, त्याला तो पाणवठा बुजवण्याजोगी रिकामी जागा वाटणे अवघड असते. कायद्यानेही हा मेळ साधण्याचा प्रयत्न केला आहे: वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अभयारण्यात छायाचित्रण व चित्रपटनिर्मितीसाठी परवानगी देता येते, परंतु अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता. चोवीस गुरूंपैकी मधमाशीकडून अवधूत हेच शिकतो. ती फुलाफुलातून थोडे थोडे घेते, फूल मोडत नाही, आणि माधुकरीची प्रथाही याच मर्यादेवर उभी आहे.

खरी अडचण अभयारण्याबाहेर उरते. वस्तीला सरावलेला शेकाट्या सांडपाण्याच्या उथळ प्रवाहातही माणसांपासून थोड्याच अंतरावर किडे टिपत राहतो, आणि त्याच्या न उडण्याला संमती समजून माणूस आणखी पुढे सरकतो. ज्याला जाण्यासाठी दुसरा पाणवठा उरलेला नाही, तो भुकेपोटीही थांबलेला असू शकतो. म्हणून शहरी नदीतल्या धीट पक्ष्यापासून माणसाने अभयारण्यातल्या बुजऱ्या पक्ष्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, अंतर राखले पाहिजे.