मृग आणि माग

दिवाळीच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास अंगणात उभे राहिले, की पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेले दिसते. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय आणि पोटात एका ओळीतले तीन तारे म्हणजे रुतलेला बाण. बाण मारणारा व्याध मात्र आणखी दोनेक तासांनी उगवतो. गेल्या दिवाळीत माझ्या नातीला मी हे सारे मोठ्या हौसेने दाखवत होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “आजोबा, बाण लागल्यावर हरीण लगेच मेलं का?”

मला पटकन उत्तर देता आले नाही. या प्रश्नाशी माझी ओळख पन्नासहून अधिक वर्षांची आहे आणि ती आकाशातली नाही, जोयड्याच्या रानातली आहे.

१९७० साली मी तेरा वर्षांचा होतो. आईच्या बाळंतपणामुळे मला दिवाळीपासून होळीपर्यंत मामाकडे ठेवले होते. मामाचे घर काळी नदीच्या खोऱ्यात, जुन्या सुप्याजवळ. आज ज्याला आपण जोयडा तालुका म्हणतो तो तेव्हा सुपे तालुका होता. घरात मराठी, शेजारात कोकणी, कचेरीत कन्नड, आणि बाजारात तिन्हींची मिसळ. अशा गावात बहिणीचा मुलगा हा साऱ्या गावाचाच भाचा असतो. मलाही सगळे ‘भाच्या’च म्हणत.

त्या भागात शिकार म्हणजे ठासणीची बंदूक आणि हाकारे. पण मामाच्या बांधाला बांध लागून ज्यांचे शेत होते त्या कुणबी आजोंकडे एक धनुष्य होते. जुन्या बांबूचे, केवणीच्या सालीच्या दोरीचे, हाताच्या घामाने काळे पडलेले. मी त्यांच्या मागे लागलो. त्यांनी आठ दिवस दाद दिली नाही. नवव्या दिवशी केळीचा एक खुंट अंगणात उभा केला, दहा पावले मोजली आणि म्हणाले, “दहातले दहा लागले की मग बोल.”

महिनाभर मी त्या खुंटाला बाण मारत होतो. दोरी दर वेळी गालाच्या त्याच जागी आली पाहिजे, सोडताना बोटांनी झटका देऊ नये, बाण सुटल्यावरही डावा हात खाली येऊ नये, हे सगळे हळूहळू अंगात मुरले. पंधरा पावलांवरून दहातले नऊ लागू लागले. मला वाटले, झाली विद्या. आजो म्हणाले, “खुंट पळत नाही. खुंटाला कान नाहीत.”

मग खरे शिकणे सुरू झाले आणि त्यात धनुष्य फारसे नव्हतेच. चिमूटभर राख सोडून वारा पाहायचा. माश्या बसल्या तरी हलायचे नाही. खुरांच्या ठशावरून जनावर किती वेळापूर्वी गेले ते सांगायचे. जनावराला दोरीचा आवाज बाणाआधी ऐकू येतो आणि ते दचकून खाली बसते, म्हणून फार लांबून बाण मारणारा मूर्ख. गोळी धक्क्याने पाडते, बाण रक्त वाहवून मारतो. म्हणून नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसावर, आणि तेवढी जागा स्वच्छ दिसत नसेल तर धरायचाच नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी घालवला तो बाण लागल्यानंतर काय करायचे हे सांगण्यात. रक्त लालभडक, फेसाळ असेल तर जनावर जवळच पडलेले असते. काळपट असेल तर ते काळजाचे, थांबावे लागते. बाणाला हिरवट घाण आणि आंबूस वास असेल तर पोट फाटले. तेव्हा मागे धावायचे नाही. धावलास तर ते मरेपर्यंत पळेल, आणि कुठे मेले ते तुला कळणार नाही.

हे सगळे मी कान देऊन ऐकले. ऐकणे आणि कळणे यांत किती अंतर असते ते पुढे समजले.

डिसेंबर अखेरीस आवळे गळू लागले. गळलेले आवळे खायला भेकर येते. सलग चार संध्याकाळी आम्ही एका आवळ्यापासून थोडे दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलो. पाचव्या दिवशी ते आले. लहानसे, तांबूस, पाय उचलून ठेवताना जणू जमिनीची परवानगी घेणारे. ते पंचवीस पावलांवर होते. आजोंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याचा अर्थ ‘थांब’. मी थांबलो नाही. अंधार पडत होता, चार दिवस फुकट गेले होते, आणि माझा हात दोरीवर होता.

बाण लागला. भेकर एकदा भुंकल्यासारखे ओरडले आणि झाडीत गेले. मी उठलो. आजोंनी मला दंडाला धरून खाली बसवले. बराच वेळाने त्यांनी बाण उचलून आणला, नाकाशी धरला आणि माझ्या हातात दिला. त्याला तोच आंबूस वास होता.

रात्रभर आम्ही घरी होतो. मी जागा होतो. पहाटे माग काढायला निघालो. तो दिवस गेला, दुसराही गेला. भाताची मळणी पडलेली असताना त्या म्हाताऱ्या माणसाने दोन दिवस एका पोराच्या चुकीसाठी रानात घालवले; एका पानावरच्या थेंबापासून दुसऱ्या पानावरच्या थेंबापर्यंत, ओणवे होऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका ओहोळाकाठी आम्हाला ते सापडले. म्हणजे कोळसुंद्यांनी ठेवले होते तेवढे सापडले: दोन आखूड शिंगे, खूर, थोडे कातडे. आजो तिथे जरा वेळ बसले. मला ते एवढेच म्हणाले, “हात बरा आहे तुझा. घाई आहे.” त्यानंतर मी धनुष्य मागितले नाही आणि त्यांनी दिले नाही.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली, की ऐकणारा बहुधा दोनपैकी एक निवाडा देतो. शाकाहारी मित्र म्हणतात, मुळात मारायलाच गेलास हे पाप. मांसाहारी मित्र म्हणतात, एवढे काय त्यात, दर रविवारी मटण आणतोसच ना? दोन्ही निवाड्यांत तथ्य आहे आणि दोन्हींनी माझे समाधान होत नाही. पहिल्यात आजो आणि मी एकाच पायरीवर येतो. दुसऱ्यात त्या दोन दिवसांच्या शोधाला काही किंमतच उरत नाही.

आपल्या दुभाषी भागात तर शब्दच आपली फसवणूक करतात. मराठीत ‘हरीण’ म्हटले की सीतेचा सुवर्णमृग आठवतो, मन हळवे होते. त्याच भेकराला कन्नडमध्ये ‘काडुकुरी’ म्हणतात, म्हणजे रानमेंढी. आणि मेंढी म्हटले की आपल्याला मसाला आठवतो. जनावर तेच, कळवळा मात्र भाषेप्रमाणे बदलतो. जो कळवळा एका शब्दाने येतो आणि दुसऱ्याने जातो, त्यावर नीती उभी करता येईल का?

आपल्या मुलांना दोन गोष्टी हमखास ठाऊक असतात. घरी शिवलीलामृतातली व्याध आणि हरिणीची, आणि कन्नड शाळेत पुण्यकोटी गाईची. दोन्हींत सावज मारणाऱ्याकडे वेळ मागते, पिलांना भेटून वचन पाळायला परत येते आणि मारणाऱ्याचे हृदय पालटते. सुंदर गोष्टी आहेत. पण दोन्हींत सावज बोलते. माझे भेकर बोलले नाही. आपल्याशी बोलू शकत नाही त्याच्याशी कसे वागायचे, हा प्रश्न या गोष्टी सोडवत नाहीत. तो आपल्यावरच टाकतात.

महाभारत मला इथे अधिक उपयोगी वाटते, कारण ते एकच आज्ञा देत नाही, वेगवेगळे प्रश्न विचारते. मिथिलेत मांस विकणारा धर्मव्याध मागच्या जन्मी वेद शिकणारा ब्राह्मण होता. एका राजाच्या संगतीने तो धनुर्विद्या शिकला, शिकारीला गेला आणि हरीण समजून एका ऋषीला बाण मारून बसला. माझ्यासारखाच तोही नवशिका. त्याचा प्रश्न: समोर कोण आहे हे तुला नीट दिसते आहे का? दुसरा पांडू. मृगरूपात रममाण असलेल्या किंदम ऋषीला त्याने मारले. मरताना किंदम त्याला हरीण मारल्याचा दोष देत नाही, ती वेळ न पाळल्याचा देतो. त्याचा प्रश्न: वेळ कोणती आहे? तिसरी कथा वनपर्वातली, कमी लोकांना आठवणारी. द्वैतवनातली हरणे युधिष्ठिराच्या स्वप्नात येऊन सांगतात, आम्ही आता थोडीच उरलो आहोत, वंशापुरती. आमची वाढ होईल असे कर. सकाळी उठून युधिष्ठिर भावांना घेऊन काम्यकवनात निघून जातो. तिचा प्रश्न: मागे किती उरले आहेत?

या तीन प्रश्नांना आजोंनी चौथा जोडला: बाण सुटल्यावर तू काय करणार आहेस? ‘मृग्’ या धातूचा अर्थच शोधणे. मृगया त्यातूनच, मार्ग हा शब्दही त्याच घरचा, आणि आपला ‘माग’ही. शिकारीच्या मुळाशी मारणे नाही, शोधणे आहे. जो शोधायला तयार नाही त्याला सोडायचा अधिकार नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा एक आदिवासी रानातून बाहेर आला, आपल्या याही जमातीतला शेवटचा उरलेला. बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी अक्षरशः शिकार करून संपवले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संग्रहालयात तो राहिला आणि १९१६ साली क्षयाने वारला. त्या काळात सॅक्स्टन पोप नावाच्या शस्त्रवैद्याने त्याच्याकडून धनुष्याची शिकार शिकून घेतली. पुढे अमेरिकेत हौसेने धनुष्य घेणाऱ्या असंख्य लोकांची परंपरा या शिष्यापासून वाढली. स्वतःच्या माणसांची शिकार झालेला माणूस त्याच समाजातल्या एकाला हरणाची शिकार शिकवतो, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. इतकेच म्हणता येते, की विद्या हस्तांतरित होते. तिच्याबरोबरचा संयम मात्र शिष्याला स्वतःच मिळवावा लागतो.

आता आजचा प्रश्न. १९७० सालीही परवान्याविना शिकार रीतसर नव्हतीच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा परवानाही गेला. दांडेली अभयारण्य १९५६ पासूनचे, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी सावजे लागतात. म्हणजे युधिष्ठिराच्या स्वप्नातल्या हरणांचा प्रश्न आमच्या बाबतीत सुटलेला आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या विरुद्ध आहे. धनुष्य खुंटीला टांगले गेले ते योग्यच झाले. बंदी उठावी असे मला वाटत नाही.

तरी एक सल राहतो. सुप्याचे एकशे एक मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९८० च्या दशकात ते खोरे पाण्याखाली गेले. मामाचे घर, आजोंचे शेत, तो आवळा, तो ओहोळ, सारे. मामा रामनगरला गेला; आजो ते पाहायला राहिले नव्हते. त्या पाण्यात किती भेकरे गेली, किती बिळांतून किती पिले निघालीच नाहीत, याचा माग काढायला कुणी ओणवे झाले नाही. मी कुणा एकाला दोष देत नाही. त्या काळीच्या पाण्यावर झालेली वीज माझ्याही घरात जळते आहे. बटण दाबताना मला वास येत नाही, एवढाच फरक.

म्हणून मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा. हात धनुष्यावरून निघाला म्हणजे हात स्वच्छ झाला, असे नाही. आपण ज्या ज्या गोष्टी दुरून सोडतो, ताटातले मांस असो, घरातला दिवा असो, किंवा रानाकाठच्या माणसाला “तू मारू नकोस” हा उपदेश असो, त्या कुठे जाऊन रुतल्या हे पाहण्याचे देणे आपल्याकडे लागते. रानाजवळचा शेतकरी डुकरांनी आणि सांबरांनी खाल्लेले भात पाहत कायदा पाळतो, तेव्हा त्याच्या नुकसानीचा माग काढणे हेही आपल्या अहिंसेचेच काम आहे. न मारणे सोपे आहे. न मारून शिवाय शोधत राहणे अवघड आहे.

नातीला मी त्या रात्री शेवटी खरे तेच सांगितले. म्हटले, “नाही गं, लगेच मरत नाही.” ती गप्प झाली. मग विचारले, “मग त्या व्याधानं काय केलं?” मी म्हटले, “तो रात्रभर त्याच्या मागून चालत असतो. बघायचं असेल तर बारापर्यंत जागावं लागेल.”

ती जागली. बाराच्या सुमारास नारळीच्या मागून व्याध वर आला, आणि आम्ही दोघे थोडा वेळ काही न बोलता उभे राहिलो.