फुकट मिळालेल्या उन्हाचा हिशेब



गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधील गच्च्यांवर सौर बंब दिसू लागले आहेत. काचेच्या काळ्या नळ्यांची तिरपी रांग आणि तिच्या माथ्यावर आडवी टाकी, एवढाच त्याचा पसारा. ऊन नळ्यांतील पाणी तापविते, तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते आणि टाकीतील थंड पाणी त्याची जागा घ्यायला खाली उतरते. पंप लागत नाही, लाकूड लागत नाही, गॅस लागत नाही. पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर विजेची गरजही क्वचितच पडते. एकदा संच बसविण्याचा खर्च केला की पुढे वर्षानुवर्षे गरम पाणी जवळजवळ फुकट. या सोयीबद्दल अल्लाहचे कितीही आभार मानले तरी थोडेच. पण याच सोयीतून एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचा विचार प्रत्येक घराने करायला हवा. ज्या वस्तूचे बिल येत नाही, तिचा हिशेबही द्यावा लागत नाही काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक शंका दूर केली पाहिजे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकाचे आहेत आणि शाफई फिकहच्या जुन्या ग्रंथांत उन्हाने तापलेल्या पाण्याचा वापर मकरूह म्हटला आहे, हे अनेकांनी मदरशात ऐकलेले असते. या मताला अटी आहेत. प्रदेश उष्ण असावा, पाणी सोन्या-चांदीखेरीज इतर धातूच्या भांड्यात तापलेले असावे आणि ते गरम असतानाच अंगावर घेतले जावे. हे पाणी नापाक आहे असे कोणीही म्हटलेले नाही. त्याने केलेला वुजू पूर्ण होतो. खुद्द इमाम शाफई (रह.) यांनी या पाण्याबद्दलची नापसंती केवळ वैद्यकीय कारणापुरती ठेवली होती. अशा पाण्याने त्वचेवर कोड उठते, अशी तेव्हा भीती होती. पुढे इमाम नववी (रह.) यांनी या विषयावरील रिवायती तपासल्या, त्या कमकुवत असल्याचे दाखवून दिले आणि हे पाणी मकरूह नाही या मताला पसंती दिली. आजच्या बहुतेक संचांत पाणी काचेच्या नळ्यांत तापते आणि स्टीलच्या टाकीत साठते. ज्यांच्या संचात तांब्याच्या नळ्या आहेत आणि ज्यांच्या मनात अजूनही किंतु आहे, त्यांनी आपल्या भागातील आलिमांना विचारून घ्यावे. आपल्या बुजुर्गांनी बादलीभर पाण्याबद्दलही इतका बारकाईने विचार केला, कारण शरीर ही अल्लाहची अमानत आहे अशी त्यांची धारणा होती. ही धारणा पुढेही आपल्या उपयोगी पडेल.

थंडीत गरम पाणी वापरल्याने इबादतीचे पुण्य कमी होते, असाही काहींचा समज असतो. कष्ट होत असतानाही वुजू नीट पूर्ण करण्याची थोरवी हदीसमध्ये सांगितली आहे, हे खरे. पण कष्ट वाट्याला आले तर ते सोसणे वेगळे आणि ते मुद्दाम ओढवून घेणे वेगळे. जातुस्सलासिलच्या मोहिमेत ह. अम्र बिन आस (रजि.) यांना एका कडाक्याच्या थंड रात्री गुस्लची गरज पडली. जीवाला अपाय होईल या भीतीने त्यांनी तयम्मुम केले आणि साथीदारांची नमाज पढविली. पुढे हे प्रकरण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे आले, तेव्हा ह. अम्र यांनी स्वतःला ठार मारू नका या अर्थाच्या कुरआनी आदेशाचा दाखला दिला. प्रेषित (स.) हसले आणि त्यांनी काही दोष दिला नाही. अल्लाहने दिलेली सोय घेण्यात तकवा कमी होत नाही.

म्हणजे सोय जायज आहे. आता तिच्या हिशेबाचे काय?

पूर्वी आपल्या घरांत तांब्याचा बंब पेटत असे. फाटी फोडायची, धूर डोळ्यांत घ्यायचा, मग कुठे चार बादल्या पाणी तापायचे. पुढे गीझर आला आणि धुराची जागा विजेच्या बिलाने घेतली. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत विजेवर तापवायचे तर सुमारे 4 युनिट वीज लागते. कष्ट असोत वा पैसे, प्रत्येक बादलीला काही किंमत होती आणि ती किंमत पाण्यावर पहारा देत होती. गीझर चालू असताना कोणी फार वेळ न्हाणीघरात राहिले तर बाहेरून हाक येई. सौर बंबाने हा पहारेकरी रजेवर पाठविला. कोणी किती पाणी सोडले हे मीटरवर उमटत नाही आणि महिनाअखेरीस कोणी विचारतही नाही. आता पहारा फक्त मनाचा उरला आहे.

शरीअतने उधळपट्टीची व्याख्या किमतीवर बेतलेली नाही. खा, प्या, पण अतिरेक करू नका, या सूरह अल-आराफमधील आदेशात वस्तू महाग असेल तरच, अशी अट कुठेही नाही. इब्ने माजा यांच्या संग्रहात एक हदीस आहे. ह. सअद (रजि.) वुजू करताना जास्त पाणी वापरत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना हटकले, तेव्हा वुजूमध्येही उधळपट्टी असते काय, असे त्यांनी विचारले. होय, वाहत्या नदीकाठी असलात तरीही, असे उत्तर मिळाले. या हदीसच्या सनदीवर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, पण तिचा आशय कुरआनच्या शिकवणीशी जुळणारा आहे. नदीचे पाणी फुकट असते, ते संपत नाही, त्याचे बिल येत नाही. तरीही हात आवरायचा आहे, कारण आवरणाऱ्या हाताला अल्लाहसमोर उभे राहायचे आहे.

बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांनुसार प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत. आजच्या मापात मुद म्हणजे साधारण पाऊण लिटर आणि साअ म्हणजे सुमारे 3 लिटर. एवढ्या पाण्यात माझे भागत नाही, असे एकाने ह. जाबिर (रजि.) यांना म्हटले. ज्यांचे केस तुझ्यापेक्षा दाट होते आणि जे तुझ्याहून श्रेष्ठ होते, त्यांचे भागत असे, या आशयाचे उत्तर ह. जाबिर यांनी दिले. हे माप आपल्यावर बंधनकारक आहे असे उलमा सांगत नाहीत. शरीर नीट भिजणे महत्त्वाचे. पण मोजपट्टी म्हणून ते समोर ठेवण्यास काय हरकत आहे?

ती मोजपट्टी घेऊन सकाळी आपल्या न्हाणीघरात उभे राहा. टाकी गच्चीवर आणि न्हाणीघर खालच्या मजल्यावर. नळ सोडल्यावर आधी मधल्या पाइपातील थंड पाणी येते आणि ते आपण गरम पाण्याची वाट पाहत मोरीत सोडून देतो. अर्धा इंची पाइपाच्या दर मीटरमध्ये सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते. पाइप 20 मीटर लांब असेल तर साडेतीन लिटर झाले. म्हणजे प्रेषितांच्या (स.) संपूर्ण गुस्लला पुरेल एवढे पाणी आपण स्नानाला सुरुवात करण्यापूर्वीच गटारात घालवितो. पाइप थंड होईल इतक्या अंतराने घरातील पाच माणसांनी स्नान केले तर रोज एक बादली भरते आणि महिन्याकाठी 500 लिटरहून अधिक पाणी जाते. सूर्याने आपली वीज वाचविली; पाणी वाचविण्याचे काम त्याने अंगावर घेतलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, संच माझ्या पैशाचा, गच्ची माझी, ऊन अल्लाहचे. मग नुकसान कोणाचे? सूरह इब्राहीममध्ये अल्लाहने सूर्य आणि चंद्र माणसाच्या सेवेला लावल्याचे सांगितले आहे. लगेच पुढच्या आयतीत त्याच्या नेअमती मोजता येणार नाहीत असे म्हटले आहे आणि माणसासाठी दोन कठोर शब्द आले आहेत. माणूस अन्यायी आहे आणि कृतघ्न आहे. सूर्याच्या देणगीनंतर कृतघ्नतेचा उल्लेख समजण्यासारखा आहे, पण अन्याय कसला? नेअमत वापरताना माणूस दुसऱ्याचा हक्क मारतो, हाही त्या अन्यायाचाच एक प्रकार आहे. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, पण 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ऊन सर्वांच्या गच्चीवर सारखे पडते. जमिनीखालचे पाणी मात्र सामाईक आहे. आपल्या बोअरने जास्त उपसलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतूनही कमी होत असते.

अन्याय उंबरठ्याच्या आतही घडतो. टाकीची क्षमता ठरलेली असते. जो आधी उठतो तो मनसोक्त शॉवर घेतो आणि सर्वांचा नाश्ता, डबे आणि मुलांची शाळा उरकून शेवटी न्हाणीघरात जाणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला कोमट पाणी येते. ज्या घरात भांडी घासायला बाई येते, तिथे स्वयंपाकघरातील मोरीपर्यंत गरम पाण्याची जोडणी आहे काय, हेही पाहावे. तुम्ही खाल ते त्यांना खाऊ घाला, तुम्ही नेसाल ते त्यांना नेसवा, अशी सेवकांबाबत प्रेषितांची (स.) शिकवण आहे. डिसेंबरच्या पहाटे आपण वाफाळत्या पाण्याने वुजू करावा आणि तिने बर्फासारख्या पाण्यात हात बुडवावेत, हे या शिकवणीत कसे बसेल?

उपाय फार अवघड नाहीत. नळाखाली बादली ठेवून सुरुवातीचे थंड पाणी साठवावे. ते फरशीला, कपड्यांना, झाडांना उपयोगी पडते. गरम पाण्याच्या पाइपावर उष्णतारोधक वेष्टन चढवावे. नवे घर बांधताना टाकी आणि न्हाणीघर यांतील अंतर कमी ठेवावे. टाकीतील विजेच्या कॉइलचे बटण वर्षभर चालू ठेवू नये. स्नानाची पाळी घरात बसून ठरवावी आणि त्यात वृद्ध, आजारी आणि शेवटी राहणाऱ्यांचा विचार आधी करावा. मुलांना शॉवरऐवजी बादलीची सवय लावावी. बादलीला तळ असतो आणि तळ दिसला की मूल थांबते.

सूरह अत-तकासुरच्या अखेरीस त्या दिवशी नेअमतींबद्दल विचारणा होईल असे बजावले आहे, आणि बंद्याला आधी विचारल्या जाणाऱ्या गोष्टींत थंड पाण्याचा घोटही असेल, असे हदीसमध्ये आले आहे. थंड पाण्याचा हिशेब होणार असेल, तर सूर्याने तापवून दारी आणून दिलेल्या पाण्याचा होणार नाही असे कसे समजावे? या नेअमतीची कदर करण्याची आणि तिच्यातील प्रत्येकाचा हक्क ओळखण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.