पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

स्वस्थ बसा. हात मांडीवर सैल सोडा. श्वास आपल्या चालीनं येतोय, जातोय. त्याला येऊ-जाऊ द्या.

आता मनानं अमेरिकेतल्या ॲपलाचियाच्या डोंगरांत चला. टेनेसी राज्य, क्लिंच नदीचं खोरं, 1933 साल. नॉरिस धरणाचं काम सुरू झालं आहे. लॉयस्टन हे छोटंसं गाव बुडणार आहे. खोऱ्यातल्या जवळपास 3,000 कुटुंबांना घर सोडायचं आहे. चुलीपुढची माणसं उठून जातील, गुरं हाकली जातील. पण टेकडीवर पुरलेल्या वाडवडिलांचं काय?

या प्रश्नापाशी थोडं थांबा.

धरण बांधणाऱ्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीची माणसं एकेका दफनभूमीत गेली. थडग्यांची नोंद करत गेली. नाव काय, जन्म कधीचा, मृत्यू कधीचा, जवळचा नातलग कोण, अवशेष हलवायचे की नाहीत. सुमारे 5,000 थडगी दुसरीकडे नेली. काही घरच्यांनी सांगितलं, इथंच राहू द्या. त्या थडग्यांवर पाणी चढलं.

त्या नोंदींतला एक कागद आपल्या हातात आहे असं समजा. काही थडग्यांवर अक्षरच नव्हतं. शेतातला एक दगड उभा केलेला, इतकंच. तिथं नावाच्या जागी लिहिलं गेलं : अज्ञात.

हा शब्द सावकाश वाचा. त्यात नाव नाही, पण कुणीतरी वाकून त्या दगडाकडे पाहिल्याची खूण आहे. गाव बुडवणाऱ्या हातानंच ही नोंदही ठेवली. मनाला यातली एकच गोष्ट धरून बसावंसं वाटेल. दोन्ही राहू द्या. नोंदीनं नुकसान भरून येत नाही. पण इथं माणूस होता, हे त्यानंतर कुणाला नाकारता येत नाही.

एक श्वास घ्या. आता शेजारच्या केंटकी राज्यात, व्हाइट्सबर्गला या. इथली ॲपलशॉप ही संस्था 1969 पासून डोंगरातल्या लोकांचं जगणं, गाणं, काम त्यांच्याच हातांनी चित्रफितींवर उतरवत आली. जुलै 2022 मध्ये नदी चढली आणि त्यांच्या अभिलेखागारात शिरली. जपलेल्या फिती चिखलात लोळल्या.

पाणी ओसरल्यावरचे हात डोळ्यांपुढे आणा. एकेक फीत उचलणारे. गाळ धुणारे. ओल्या वस्तूंना बुरशी धरू नये म्हणून त्या थंडीत ठेवणारे. जपणूक म्हणजे एकदा कपाटात ठेवून दिलेली वस्तू नव्हे. पाणी परत परत येतं; हातांनाही परत परत यावं लागतं.

आता आपल्या घरी परता. एखादा जुना फोटो आठवा, ज्यातल्या एका चेहऱ्याचं नाव आता फक्त तुम्हालाच माहीत आहे. ते नाव मनात घ्या. घाई नको.

डोळे उघडाल तेव्हा तो फोटो शोधा. पालथा करा. मऊ पेन्सिल घ्या, पेन नको. शाई पाण्यात पसरते, पेन्सिलीचं शिसं टिकतं. हलक्या हातानं, कडेला, ते नाव लिहा.