आपल्याबरोबर न चालणारा सेवक

शास्त्रपाठ : लूक ९:३७-५०, योहान १३:१-१७



लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात तीन प्रसंग एकापाठोपाठ आले आहेत. आपण ते बहुधा वेगवेगळे वाचतो. प्रथम एक पिता आपल्या भूतग्रस्त मुलाला शिष्यांकडे आणतो. परंतु त्यांच्याने तो बरा होत नाही, प्रभूच त्याला बरे करतो. पुढे, आपल्यामध्ये मोठा कोण, असा वाद शिष्यांमध्ये निघतो आणि प्रभू एका बालकाला जवळ उभे करून त्यांना उत्तर देतो. त्यावर योहान सांगतो की, एक मनुष्य प्रभूच्या नावाने भुते काढताना आम्ही पाहिला. पण तो आपल्याबरोबर चालत नाही, म्हणून आम्ही त्याला मना केले.

हे तीन प्रसंग एकत्र वाचले म्हणजे आपले अंतःकरण उघडे पडते. जे काम शिष्यांना साधले नाही, तेच तो अनोळखी मनुष्य करीत होता. पीडितांची सुटका होत आहे ह्याचा त्यांना आनंद वाटावयास हवा होता. पण करणारा कोणाच्या गटातला, हाच प्रश्न त्यांना मोठा वाटला. त्याला मना करू नका, असे प्रभूने त्यांना स्पष्ट बजावले. मोठेपणाचा वाद आणि दुसऱ्याच्या सेवेला केलेली मनाई ही एकाच मुळाची फळे आहेत.

आपल्या देशातील मंडळ्यांमध्ये जे पंथभेद आहेत, त्यांतील पुष्कळसे आपल्या पूर्वजांनी निर्माण केलेले नाहीत. ते युरोप-अमेरिकेतून मिशनऱ्यांबरोबर आले. ज्या गावात ज्या मिशनने सुवार्ता सांगितली, त्या मिशनचा पंथ त्या गावाचा झाला. तारण कृपेने मिळाले, तसेच पंथाचे नावही आपल्याला न मागता मिळाले. मग त्याचा अभिमान आपण कशासाठी धरावा? बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवादीक्षा ह्यांविषयीचे मतभेद क्षुल्लक आहेत, असे माझे म्हणणे नाही. ते विवेकाचे प्रश्न आहेत. पण विवेकाच्या नावाखाली गर्व लपून बसलेला नाही ना, हे प्रत्येकाने देवासमोर पाहिले पाहिजे.

हा गर्व टाकणे सोपे नाही, ह्याची साक्ष आपला इतिहास देतो. उत्तर भारतातील ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौ येथे सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ती फळास आली. चाळीसहून अधिक वर्षे लोटली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन कॉन्फरन्सची मेथडिस्ट मंडळी, अशा सहा मंडळ्यांनी आपली जुनी नावे खाली ठेवली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे एक नाव घेतले. त्या दिवशी निरनिराळ्या परंपरांच्या सेवकांनी प्रार्थनापूर्वक एकमेकांच्या मस्तकांवर हात ठेवले. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढपणी विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा मानणारे, दोघांनाही त्या मंडळीत स्थान मिळाले. दुसऱ्यावर हात ठेवावयास आपण तत्पर असतो. दुसऱ्याच्या हाताखाली मस्तक लववावयास मात्र नम्रता लागते. तथापि सर्वच मंडळ्या त्या ऐक्यात आल्या नाहीत, आणि जे आले त्यांच्यातही पुढे मानापमानाचे व मालमत्तेचे तंटे झाले. घटना एक झाली म्हणजे अंतःकरणे एक होतातच, असे नाही.

सेवेतही हाच धडा आहे. डॉ. आयडा स्कडर ह्यांनी १९०० साली वेल्लोर येथे एका खाटेवर रुग्णसेवा आरंभिली व १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. पुढे पूर्ण पदवीचे शिक्षण देण्याची वेळ आली, तेव्हा तो भार एका मिशनच्या शक्तीबाहेरचा होता. अनेक मंडळ्या पुढे आल्या आणि ती संस्था सर्वांची झाली. रुग्णशय्येवर पडलेला मनुष्य आपली शुश्रूषा कोणत्या पंथाच्या पैशाने होते, हे विचारीत नाही. त्याच्या वेदनेपुढे आपल्या पाट्यांचे महत्त्व ते किती!

शेवटच्या भोजनाच्या रात्रीही शिष्यांमध्ये मोठेपणाचा वाद झाला, असे लूक सांगतो. आणि त्याच रात्री प्रभूने कमरेस रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले, असे योहान सांगतो. ज्यांना मोठे व्हावयाचे होते, त्यांच्यापैकी कोणीही घंगाळाला हात लावला नव्हता. प्रभूने आपले पाय धुतले आहेत, ते आपण एकमेकांचे धुवावे म्हणून.

ह्यावर आपण काय करावे? दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा सप्ताह ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळला जातो. त्या सप्ताहात संयुक्त उपासना होते, भाषणे होतात, आणि पुढच्या रविवारी आपापली दारे पुन्हा लागतात. त्याऐवजी एक पाऊल पुढे टाकावे. आपल्या शहरातील सर्वांत लहान मंडळीकडे जावे आणि तिने हाती घेतलेल्या कामात, मग ती रुग्णभेट असो, विधवांची काळजी असो किंवा गरीब मुलांचा अभ्यासवर्ग असो, तिच्या नेतृत्वाखाली मदत करावी. आपल्या कार्यक्रमाला इतरांना बोलावणे सोपे असते. इतरांच्या कार्यक्रमात सतरंज्या उचलणे कठीण असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी ह्याचा विशेष विचार करावा. जेथे आपण थोडे आहोत, तेथे वेगळेपणाची चैन आपल्याला परवडणारी नाही. शेजारी आपल्याला पंथाने नव्हे, ख्रिस्ताच्या नावाने ओळखतात.

आपण एक व्हावे म्हणून प्रभूने वधस्तंभाकडे जाण्यापूर्वी पित्याजवळ प्रार्थना केली, आणि तिचे कारणही सांगितले : जगाने विश्वास ठेवावा म्हणून. आपल्या फुटीमुळे कोणाचा विश्वास अडखळत असेल, तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. म्हणून जो आपल्याबरोबर चालत नाही, पण प्रभूचे काम करतो, त्याला मना न करता त्याच्या शेजारी उभे राहण्याची कृपा देवपिता आपणा सर्वांना देवो. आमेन.