क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

जालना शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून ती वसविली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले; पण त्यांच्यामागे बेथेलला आलेली माणसे बहुतेक आपलीच, महार आणि मांग. बेथेल हा शब्द मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. तो हिब्रू आहे, म्हणजे ज्यू लोकांच्या भाषेतला. अर्थ : देवाचे घर.

वस्तीच्या नावाचे जे, तेच एकूण ख्रिस्ती धर्माचे. येशू ज्यू, त्याचे पहिले शिष्य ज्यू, बायबलचा अर्ध्याहून मोठा भाग ज्यूंचा. तरीही ज्यूंना येशूचे मारेकरी ठरवून युरोपातील ख्रिस्ती समाजाने त्यांना शतकानुशतके वेगळ्या मोहल्ल्यात कोंडले, त्यांची घरे जाळली. त्या मोहल्ल्याला 'घेटो' म्हणत, आणि पूज्य बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरील आपल्या एका ग्रंथाच्या नावातच हा शब्द घेतला आहे. पुढे नाझींनी साठ लाख ज्यूंची कत्तल केली. त्यानंतर कुठे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथॉलिक चर्चने जाहीर केले की, येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येणार नाही.

बंधुभगिनींनो, तुम्ही विचाराल, आम्हा बौद्धांना याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण एक वाक्य तुम्हीही ऐकले असेल. जयंतीच्या मिरवणुकीवर दगड पडतात, पाणवठ्यावर आपल्या बाईला मारहाण होते, पोलिसांत फिर्याद जाते; आणि दोन दिवसांनी गावातील चार प्रतिष्ठित येऊन म्हणतात, "तुम्ही आता बुद्धाचे झालात ना? मग क्षमा करा, केस मागे घ्या." घरातला तरुण चिडतो. म्हातारी माणसे गोंधळतात. करुणा ही तर तथागतांचीच शिकवण, मग नाही कसे म्हणायचे?

या प्रश्नाची उकल ज्यूंनी फार पूर्वी करून ठेवली आहे. वर्षातून एक दिवस, योम किप्पूरला, ते कडक उपवास करून देवाजवळ पापांची माफी मागतात. पण सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या त्यांच्या मिश्ना या ग्रंथात स्पष्ट नियम आहे : देवाविरुद्ध केलेल्या अपराधाचे क्षालन त्या दिवशी होते, माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाचे होत नाही. ज्याला दुखावले त्याच्याकडे जाऊन आधी त्याची समजूत घातली पाहिजे. म्हणजे ज्याला ते सर्वशक्तिमान मानतात, त्या देवालासुद्धा दुसऱ्याच्या वतीने माफी देण्याचा अधिकार त्यांनी ठेवला नाही! आपण ईश्वर मानीत नाही. पण ईश्वर मानणाऱ्यांनी त्याला घातलेली ही मर्यादा मला मोठी वाटते.

बाराव्या शतकातील मायमोनिडीज या पंडिताने याचा तपशील लिहिला. नुकसान केले असेल ते भरून द्यावे, वर क्षमाही मागावी. समोरचा ऐकेना तर तीन मित्र घेऊन जावे, पुन्हा जावे. तो मेला असेल तर त्याच्या कबरीपाशी दहा माणसांसमोर अपराध बोलून दाखवावा. आणि पश्चात्ताप पुरा केव्हा? तोच प्रसंग पुन्हा आला, तेच करण्याची ताकद अंगात असली आणि तरी माणसाने ते केले नाही, तेव्हा. दुखावलेल्यावरही जबाबदारी आहे. समोरचा खऱ्या मनाने वारंवार येत असेल तर त्याने दगडासारखे राहू नये.

हे ज्यू आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत. कोकणातील बेने इस्रायल तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. योम किप्पूरला ते दारे लावून घरात बसत आणि त्याला दारफाळणीचा सण म्हणत. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांनी ख्रिस्ती व्हावे ही मिशनची आशा. ते हिब्रू शिकले आणि अधिक पक्के ज्यू झाले. (गोरे आणि काळे असा भेद त्यांच्यातही होता, हेही सांगितले पाहिजे. जात या देशात कोणाला सोडीत नाही.) मिशनऱ्यांनी त्यांना शिकविले पुष्कळ. त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही आहे असे मात्र फार थोड्यांना वाटले.

ख्रिस्ती माणसाने काय शिकावे? देवाजवळ किंवा पाद्र्याजवळ कबुली दिली की मन हलके होते. पण ज्याचे घर जळले तो त्या खोलीत नसतो. सायमन वीझेन्थाल या ज्यू लेखकाने 'द सनफ्लॉवर' या पुस्तकात आपला अनुभव लिहिला आहे. तो नाझींच्या छावणीत कैदी असताना मरणाला टेकलेल्या एका नाझी सैनिकापुढे त्याला नेले. ज्यूंनी भरलेले घर जाळल्याची कबुली देऊन सैनिकाने क्षमा मागितली. वीझेन्थाल काही न बोलता निघून गेला. पुढे त्याने अनेक विचारवंतांना विचारले, मी काय करायला हवे होते? ख्रिस्ती उत्तरे पुष्कळशी क्षमेकडे झुकली. ज्यूंपैकी बहुतेकांनी म्हटले, जळालेल्यांच्या वतीने क्षमा करणारा तू कोण?

मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जेरुसलेमला ज्यूंच्या पवित्र भिंतीत क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी देवाच्या नावे होती. पण ती ठेवायला ते ज्यूंच्या दारी गेले, एवढा बदल झाला. खरे पाहता येशूही हेच सांगून गेला होता. वेदीवर दान ठेवताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जा. ज्यूंशेजारी बसून वाचल्यावर ख्रिस्ती माणसाला आपलेच पुस्तक नीट कळते.

आता आपले. विनयपिटकात सुधम्म भिक्षूची कथा आहे. त्याने चित्त नावाच्या गृहस्थाचा अपमान केला. तथागतांनी "मी तुला क्षमा केली" असे म्हटले नाही. संघाने ठराव करून त्याला त्या गृहस्थाची क्षमा मागायला पाठवावे, असे सांगितले. सुधम्म गेला, लाजला, तसाच परत आला. मग सोबत एक भिक्षू देऊन त्याला पुन्हा पाठविले. चीवर घातलेल्या माणसाला गृहस्थापुढे वाकायला लावणारा हा धम्म आहे.

मैत्री म्हणजे वैर न बाळगणे. ते आपल्या हाती आहे, आजच करता येते, आणि फिर्याद चालू ठेवूनही करता येते. क्षमेला मात्र समोर क्षमा मागणारा लागतो. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. त्यांच्या वतीने कोणता पुढारी क्षमा करणार?

तेव्हा चार प्रतिष्ठित घरी आले तर त्यांना आदराने बसवा, पाणी द्या. मग विचारा : दगड मारणारा कुठे आहे? तो स्वतः का आला नाही? बाईचा दवाखान्याचा खर्च कोण देणार? पुढच्या १४ एप्रिलला मिरवणूक त्याच गल्लीतून जाईल, तेव्हा तो कुठे उभा असेल? आणि जिला मार बसला तिला आत चुलीपाशी ठेवू नका. बाहेर बोलवा, खुर्चीवर बसवा. उत्तर तिला देऊ द्या.