तार जुळते तेव्हा

हार्डिंगफेले हे नॉर्वेचं लोकवाद्य. दिसायला व्हायोलिनसारखं, टोकाला बहुधा सिंहाचं डोकं कोरलेलं, अंगावर शिंपल्याचं जडावकाम. गज फिरतो तो वरच्या चार तारांवर. त्यांच्याखाली आणखी चार-पाच तारा असतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. त्यांना कोणी हात लावत नाही. वर नेमका सूर लागला की त्या आपोआप घुमतात. सूर ढळला की मुक्या होतात.

वाद्य सुरात लावण्याला नॉर्वेजियन भाषेत 'स्टेम्मे' म्हणतात. हा शब्द तिथे रोजच्या बोलण्यातही पावलोपावली भेटतो. स्टेम्मे म्हणजे माणसाचा आवाज, आणि निवडणुकीतलं मतही. बिलाची बेरीज बरोबर आली की लोक म्हणतात, 'दे स्टेम्मेर', म्हणजे जुळतंय, खरं आहे. मराठीतही सूर जुळतो तसा हिशेब जुळतो. पण आपलं 'मत' विचार करणे या अर्थाच्या 'मन्' धातूतून आलं. त्यांचं मत थेट गळ्यातून आलेलं.

खरेपणा जर असा जुळण्यात असेल, तर तो ठरवायचा कोणी?

हार्डिंगफेले लावण्याच्या वीसहून अधिक रीती आहेत. त्यातल्या एकीला 'ट्रोलस्टिल्ट' म्हणजे ट्रोल राक्षसांची जुळणी म्हणतात. 'फानितुलेन' ही धून याच जुळणीत वाजते. आख्यायिका अशी, की हालिंगदाल खोऱ्यातल्या एका लग्नात दोघे जण सुऱ्या घेऊन भिडले. त्याच वेळी बीअर आणायला तळघरात उतरलेल्या माणसाला पिंपावर बसून ही धून वाजवणारा सैतान दिसला. एकोणिसाव्या शतकात धर्मजागृतीची लाट आली, तेव्हा अनेकांनी हे वाद्यच सैतानाचं ठरवलं. कित्येक वाद्यं फोडली गेली, जाळली गेली.

इथे त्या धर्मनिष्ठांची चूक झाली. त्यांनी वेगळ्या जुळणीला बेसूर मानलं. ट्रोलस्टिल्टमध्येही शिस्त तितकीच कडक असते: एक तार उतरली तरी खालच्या तारा साथ सोडतात. जुळण्या अनेक असल्या, तरी त्यातल्या कुठल्याही जुळणीत वाटेल ते चालत नाही. मात्र तारा लागल्या की नाही, हे त्या ऐकल्याशिवाय कळत नाही.

मतदानाच्या हक्काला नॉर्वेत 'स्टेम्मेरेट' म्हणतात, शब्दशः आवाजाचा हक्क. तो सर्वसाधारण पुरुषांना 1898 साली मिळाला. सर्वसाधारण स्त्रियांचा आवाज मोजला जायला 1913 साल उजाडलं.